फ्युएल टेम्परेचर सेन्सरचा कोड पुन्हा पुन्हा येत असेल, तर सेन्सर बदलण्यापूर्वी काय तपासावे

गेल्या ऑगस्टमध्ये मासेमारीची बंदी उठली, मिरकरवाडा बंदरावरची वाहतूक पुन्हा सुरू झाली आणि त्याच आठवड्यात एक डिझेल पिकअप पालीजवळच्या माझ्या गॅरेजमध्ये आली. चालकाची तक्रार नेमकी होती. "दादा, रिकामी असताना काहीच होत नाही. मासळी भरून साखरपा सोडले आणि आंबा घाटाची चढण लागली, की लाइट पेटतो आणि गाडी ओढत नाही. बंद करून पुन्हा चालू केली, की मलकापूरपर्यंत नीट जाते." स्कॅनर लावल्यावर पी०१८३ हा एकच कोड मिळाला, म्हणजे इंधनाचे तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज प्रमाणाबाहेर वर गेले होते. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि बंदी उठल्यावर पुन्हा एकदा, असा दोन वेळा हा सेन्सर दुसरीकडे बदलून झाला होता. दोन्ही वेळा कोड पुसून गाडी दिली गेली आणि दोन्ही वेळा पहिल्याच भरलेल्या फेरीत कोड परत आला.

या सेन्सरच्या बाबतीत असे वारंवार घडते आणि त्याला कारण आहे. कोडच्या नावात सेन्सर हा शब्द असतो, त्यामुळे लक्ष थेट सेन्सरकडे जाते. पण कोड एकट्या सेन्सरविषयी काही सांगत नाही, तो सगळ्या सर्किटविषयी सांगतो. सेन्सर, त्याच्या दोन वायरी, मधले कपलर (वायरी जोडणारा प्लग), अर्थची (ग्राउंडची) जोडणी आणि ईसीयूच्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या, आतला भाग हे सगळे मिळून ते सर्किट होते. यांतले नेमके काय बिघडले आहे, हे सेन्सर न काढताही बऱ्याच अंशी ओळखता येते. तापमानाचा आकडा कोणत्या बाजूला चुकतो आणि ती चूक थंड असताना मोठी असते की गरम झाल्यावर, एवढे दोन प्रश्न त्यासाठी पुरेसे असतात. पुढची सगळी तपासणी याच दोन प्रश्नांभोवती फिरते.

सेन्सरचे काम

कॉमन रेल डिझेल इंजिनात, म्हणजे जिथे पंप एका सामाईक नळीत जास्त दाबाने डिझेल भरतो आणि तिथून ते सगळ्या इंजेक्टरना जाते अशा इंजिनात, हा सेन्सर बहुधा कमी दाबाच्या बाजूला असतो. काही गाड्यांत तो फिल्टरच्या घरात बसवलेला असतो, काहींत फिल्टर आणि हायप्रेशर पंप यांच्यामधल्या पाइपवर, काहींत पंपाच्या अंगावरच, तर काहींत परतीच्या लाइनवर. काही नव्या रचनांमध्ये तो रेल प्रेशर सेन्सरमध्येच समाविष्ट असतो आणि मग एकाच कपलरमध्ये चार पिना दिसतात. आपल्या गाडीत तो कुठे आहे, हे वायरिंगच्या नकाशावरून पाहून मगच हात घालावा, कारण फिल्टरवरचा पाणी ओळखणारा सेन्सर किंवा हीटरचे कपलर चुकून तपासले जाण्याचे प्रकार होतात.

डिझेल तापले की फुगते. दर १० अंश सेल्सिअसला त्याचे आकारमान सुमारे ०.८ टक्क्यांनी वाढते. म्हणजे ३० अंशांचे डिझेल ८० अंशांवर गेले, तर तेवढ्याच आकारमानात जवळपास ४ टक्के कमी वजनाचे इंधन बसते. इंजेक्टर आकारमान मोजून सोडतो, पण ताकद मिळते ती वजनामुळे. म्हणून ईसीयू तापमान पाहून इंजेक्शनचा काळ दुरुस्त करतो. दुसरे कारण पंपाच्या आयुष्याशी जोडलेले आहे. हायप्रेशर पंपाला वंगण मिळते ते त्याच डिझेलचे, आणि फार तापलेले डिझेल पातळ होऊन धातूंमधला थर टिकवू शकत नाही. त्यामुळे ठरावीक मर्यादेच्या वर तापमान गेले, किंवा तापमान कळेनासेच झाले, तर बऱ्याच गाड्यांचा ईसीयू सावधगिरी म्हणून ताकद कमी करतो. घाटात गाडी ओढत नाही ती यामुळे, आणि तो पंप वाचवण्याचाच भाग असतो. कोड नुसता पुसून गाडी दामटणे हे म्हणूनच योग्य नाही.

सेन्सरच्या आत तापमान वाढले की रोध घटतो असा एक छोटा घटक असतो. ईसीयू आतल्या एका ठरावीक रोधातून ५ व्होल्ट पाठवतो आणि मधल्या बिंदूवर किती व्होल्ट उरतात ते वाचतो. वायर तुटली तर व्होल्टेज ५ च्या जवळ जाते आणि स्कॅनरवर साधारण उणे ४० अंश दिसतात. वायर अर्थला टेकली तर व्होल्टेज शून्याजवळ येते आणि तापमान १२० अंशांच्याही वर गेलेले दिसते. पहिल्या प्रकारात पी०१८३ येतो आणि दुसऱ्यात पी०१८२. पी०१८० हा सर्किटमधील सर्वसाधारण दोष आहे. पी०१८१ चा अर्थ, आकडा मर्यादेत आहे पण परिस्थितीशी जुळत नाही. पी०१८४ म्हणजे दोष येतो आणि जातो. दुसरा सेन्सर असलेल्या गाड्यांत त्याच क्रमाने पी०१८५ ते पी०१८९ हे कोड येतात.

कोड पुसण्यापूर्वी त्याच्याबरोबर साठवलेली फ्रीझ फ्रेम, म्हणजे दोषाच्या क्षणीची नोंद, लिहून घ्यावी, ही माझी आग्रहाची विनंती आहे. कोड पुसला की तीही जाते, आणि दोष उद्भवला त्या क्षणी वेग किती होता, इंजिनावर भार किती होता, कूलंट (इंजिन थंड ठेवणारे पाणी) किती तापले होते, ही माहिती पुन्हा मिळवायला तोच घाट पुन्हा चढावा लागतो. या पिकअपच्या फ्रीझ फ्रेममध्ये भार ९० टक्क्यांच्या वर, वेग ताशी २८ किलोमीटर आणि कूलंट ९१ अंश होते. म्हणजे चालकाचे म्हणणे खरे होते: दोष भाराशी बांधलेला होता.

तापमान खरोखरच वाढलेले नाही ना

वर गेलेला आकडा खोटाच असतो असे धरून चालू नये. कॉमन रेलमध्ये हजार-दीड हजार बारचा दाब असतो, आणि तो दाब सोडून परत येणारे डिझेल चांगलेच तापलेले असते. टाकी पाव भागाच्या खाली असेल, तर तेच थोडे डिझेल फिरून फिरून तापत राहते. इंजेक्टर झिजून परतीचे प्रमाण वाढले असेल, परतीची नळी दबली असेल, किंवा गाडीच्या पोटाखाली बसवलेल्या इंधन कूलरच्या जाळीत चिखल भरून वाळला असेल, तरी असेच होते. मे महिन्यात भरलेली गाडी अर्ध्याहून कमी टाकीवर घाट चढताना ताकद कमी करत असेल, तर सेन्सर आपले काम चोख बजावत असण्याचीच शक्यता जास्त.

इन्फ्रारेड थर्मामीटरने सेन्सरजवळचा पाइप मोजून हे पडताळता येते, मात्र चकचकीत धातूवर हे यंत्र बरेच कमी तापमान दाखवते. पाइपवर काळ्या इन्सुलेशन टेपचा एक तुकडा घट्ट चिकटवावा, मिनिटभर थांबावे आणि त्या टेपवर नेम धरावा. स्कॅनरवरचा आणि टेपवरचा आकडा पाच-सात अंशांच्या फरकात असेल, तर सर्किट सोडून द्यावे आणि डिझेल का तापते आहे ते शोधावे.

सकाळची तपासणी

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सोपी तपासणी सकाळी, इंजिन चालू करण्यापूर्वी होते. गाडी रात्रभर, निदान आठ तास, उभी राहिली की इंजिनातले पाणी, आत येणारी हवा आणि डिझेल या तिन्हींचे तापमान जवळजवळ एक होते. चावी फिरवायची, इंजिन चालू करायचे नाही आणि स्कॅनरवर तिन्ही आकडे शेजारी शेजारी पाहायचे. त्यांच्यात दोन-तीन अंशांचा फरक चालतो. पाचाच्या वर गेला, तर जो आकडा वेगळा पडला त्याच्या सर्किटमध्ये दोष आहे. डिझेलबरोबर आणखी एखादा आकडाही त्याच दिशेला सरकलेला दिसला, तर दोघांची अर्थची वायर सामाईक आहे का ते वायरिंगच्या नकाशात पाहावे.

या पिकअपचे सकाळचे आकडे २५, २५ आणि २३ असे होते. दोन वेळा सेन्सर बदलणाऱ्यांनी हेच पाहून सर्किट ठीक आहे असा निष्कर्ष काढला असेल, तर ते समजण्यासारखे आहे. पण इथेच थांबले की फसगत होते.

चूक कोणत्या वेळी मोठी होते

बॉश पद्धतीच्या ज्या सेन्सरशी आपला नेहमी संबंध येतो, त्याचा रोध ० अंशांना सुमारे ५.९ किलोओहम, २० अंशांना २.५ किलोओहम, ३० ला १.७, ४० ला १.१८ किलोओहम, ५० ला ८३० ओहम, ६० ला ६०० ओहम आणि ८० ला ३२० ओहम असतो. इतर कंपन्यांच्या सेन्सरचे आकडे वेगळे असू शकतात, म्हणून त्या त्या गाडीचा तक्ता पाहावाच, पण उतरण याच प्रकारची असते: थंडीत आकडे मोठे आणि एकमेकांपासून दूर, उष्णतेत लहान आणि एकमेकांना चिकटून. निदानाची किल्ली या उतरणीतच आहे.

समजा कपलरची पिन सैल झाली, किंवा वायरीच्या तारा आतून झिजल्या, आणि त्यामुळे सर्किटमध्ये ५०० ओहमचा जादा रोध शिरला. सकाळी २० अंशांना सेन्सरचे २५०० ओहम असतात. त्यांत ५०० मिळाले की ३००० होतात, आणि ईसीयू ते सुमारे १६ अंश असे वाचतो. चूक चार अंशांची, सहज दुर्लक्ष व्हावे अशी. तेच डिझेल ६० अंशांवर गेले की सेन्सर ६०० ओहमवर येतो. ५०० मिळाले की ११००, आणि ईसीयूला ४२ अंश दिसतात. चूक १८ अंशांची. ८० अंशांवर तीच चूक ३० अंशांची होते. म्हणजे ओळीत जादा रोध असेल, तर आकडा खऱ्यापेक्षा थंड दिसतो आणि इंजिन जितके तापेल तितकी चूक वाढत जाते.

आता याच्या उलट बाजू पाहू. कपलरमध्ये पाणी किंवा खारट दमटपणा शिरून दोन पिनांमध्ये ५ किलोओहमची गळती झाली, असे धरा. ही गळती सेन्सरला समांतर पडते. २० अंशांना २५०० ओहमच्या जागी ईसीयूला १६७० ओहम दिसतात, म्हणजे सुमारे ३१ अंश; चूक अकराची. ६० अंशांवर तीच गळती ६०० ओहमला जेमतेम ५३० वर आणते, म्हणजे ६४ अंश. चूक फक्त चाराची. इथे आकडा खऱ्यापेक्षा गरम दिसतो, आणि चूक सकाळी मोठी असून गाडी तापली की जवळजवळ दिसेनाशी होते. रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले अशा किनारपट्टीच्या गाड्यांत, विशेषतः मासळीच्या पेट्यांचे खारे पाणी खाली झिरपते त्या गाड्यांत, हा दुसरा प्रकार मला जास्त सापडतो.

सेन्सर स्वतः म्हातारा झाला असेल, तर चूक सगळीकडेच असते आणि हलवल्याने बदलत नाही. आकडा उडत असेल, क्षणात पडून क्षणात परत येत असेल, तर मला आधी संशय येतो तो वायरीचा किंवा पिनेचा. डिझेल इतक्या झपाट्याने थंड होऊन पुन्हा तापू शकत नाही.

ही मांडणी मनात धरून मी चालकाबरोबर भरलेल्या गाडीतून घाट चढलो. स्कॅनरवर डिझेलच्या तापमानाचा आलेख लावून ठेवला होता. साखरप्याला ५१ अंश होते. पहिल्या वळणांवर ५४, ५६, ५८ असा आकडा शांतपणे वाढत गेला. मग दुसऱ्या गिअरमध्ये एक्सलरेटर पूर्ण दाबताच तो ४४ वर पडला, गिअर बदलताना पाय उचलल्याबरोबर ५९ वर परत आला, पुन्हा दाबताच ३८, आणि तिसऱ्या वेळी उणे ४० वर जाऊन तिथेच राहिला. पाच-सहा सेकंदांत लाइट पेटला. भार आला की इंजिन आपल्या माउंटिंगवर (ज्या आधारांवर ते बसवलेले असते त्यांवर) एका बाजूला कलते. कलले की चूक, सरळ झाले की बरोबर, आणि चूक नेहमी थंडीच्या बाजूला. ओळीत जादा रोध होता आणि तो इंजिनाबरोबर हलणाऱ्या भागात होता; गाडी घाटाच्या माथ्यावर पोहोचण्यापूर्वीच एवढे नक्की झाले होते.

कपलर काढून करायची तपासणी

परत आल्यावर क्रमाने पुढे गेलो. चावी बंद करून सेन्सरचे कपलर काढावे, चावी चालू करून हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्याच्या) बाजूच्या दोन पिनांमध्ये मल्टिमीटरने ५ व्होल्टच्या आसपास मिळतात का पाहावे. मग स्कॅनरवर उणे ४० दिसते का पाहावे. नंतर त्याच दोन पिना बारीक वायरीने जोडाव्यात. तापमान कमाल मर्यादेला गेले पाहिजे. दोन पिनांच्या सेन्सरमध्ये हे जोडणे सुरक्षित आहे, कारण प्रवाह ईसीयूच्या आतल्या रोधातून येतो. तीन किंवा चार पिनांच्या कपलरवर मात्र हा प्रयोग अजिबात करू नये. दोन्ही टोके बरोबर मिळाली, तर ईसीयू आणि वायरिंग त्या क्षणी तरी जोडलेले आहे, असा त्याचा अर्थ. काही गाड्यांत ईसीयू दोष ओळखताच ठरावीक पर्यायी आकडा दाखवायला लागतो आणि वाचणारा गोंधळतो. तिथे स्कॅनरमध्ये तापमानाऐवजी सेन्सरचे व्होल्टेज निवडावे.

या तपासणीत दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. पहिली म्हणजे टेस्ट लॅम्प: ५ व्होल्टच्या सर्किटला तो लावू नये, ईसीयूला इजा होऊ शकते. दुसरी म्हणजे मल्टिमीटरची जाड टोके कपलरच्या मादी (भोक असलेल्या) पिनांत खुपसणे. त्याने पिना फाकतात आणि नसलेला दोष आपल्याच हाताने तयार होतो. सेन्सरच्या पिनेएवढीच जाड अशी सुटी पिन वापरावी. त्याच पिनेने प्रत्येक मादी पिनेची पकडही तपासता येते: घालताना थोडा अडसर आणि काढताना ओढ जाणवली पाहिजे.

काढलेला सेन्सर तपासायचा असेल, तर तो पुसून त्याचे टोक स्टीलच्या पेल्यातील पाण्यात धरावे, शेजारी थर्मामीटर ठेवावा, आणि साध्या पाण्यात, कोमट पाण्यात आणि चांगल्या गरम पाण्यात असे तीनदा रोध मोजावे. प्रत्येक वेळी दोन-तीन मिनिटे थांबणे आवश्यक आहे. पिकअपमधून काढलेला दुसरा सेन्सर मालकाने जपून ठेवला होता. तो २८ अंशांना १.८४ किलोओहम, ५० ला ८४० ओहम आणि ७९ ला ३३० ओहम भरला. तो पूर्णपणे चांगला होता.

सेन्सर काढण्याबाबत एक इशारा द्यायलाच हवा. इंजिन चालू असताना हायप्रेशरच्या पाइपांचे कोणतेही नट सैल करू नयेत. त्या दाबाची सुईसारखी बारीक धार हातमोजा आणि कातडी दोन्ही भेदून डिझेल आत घुसवते, आणि वरून टोचल्याएवढी दिसणारी ती जखम तातडीच्या शस्त्रक्रियेची असते. कमी दाबाच्या बाजूलाही इंजिन बंद करून काही मिनिटे थांबावे, आजूबाजूची धूळ आधी पुसून घ्यावी आणि उघडे भोक स्वच्छ टोपीने झाकावे.

वायर

वायरीचा रोध नुसत्या मल्टिमीटरने मोजून भागत नाही. मीटर फार थोडा प्रवाह सोडतो, त्यामुळे वायरीत एकच तार शिल्लक असली तरी आकडा जवळजवळ शून्य येतो आणि वायर चांगली वाटते. बॅटरीचे निगेटिव्ह काढून, ईसीयूचे आणि सेन्सरचे अशी दोन्ही कपलरे सोडवून, ती एकच वायर स्वतंत्र करावी आणि तिच्यातून वेगळ्या बॅटरीवर ५ वॅटचा छोटा दिवा लावावा. चांगल्या वायरीतून दिवा पूर्ण उजळतो. दिवा लावून ठेवून हार्नेस हाताने, इंजिन ज्या दिशेला कलते त्या दिशेला, थोडा थोडा भाग पकडत वाकवत जावे.

पिकअपच्या सिग्नल वायरीवर दिवा उजळ होता. कपलरपासून चार बोटे मागे हार्नेस वाकवला तसा तो मंदावला, सोडला तसा पुन्हा उजळला. त्या जागी टेप गुंडाळलेली होती. टेप उलगडल्यावर वायरीचे आवरण वरकरणी धडधाकट दिसले, पण बोट फिरवल्यावर एक जागा मऊ लागली. भिंगाखाली तिथे एक सूक्ष्म भोक दिसले. आधीच्या कुठल्यातरी तपासणीत व्होल्टेज पाहण्यासाठी आवरणातून सुई खुपसली गेली होती, आणि त्या भोकातून दोन पावसाळ्यांचे पाणी आत उतरले होते. आवरण सोलल्यावर आतल्या तारा तांबूस राहिलेल्या नव्हत्या. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक ज्या हिरव्या थराने कळकते, तसलाच हिरवा भुगा तिथे भरला होता, आणि त्यात दोन तारा तेवढ्या शिल्लक होत्या. वायर सरळ असताना त्या दोन तारा एकमेकींना आणि भुग्याला टेकून काम चालवत होत्या. इंजिन कलले की त्या सुटत होत्या.

मीही पूर्वी वायरीत सुई खुपसून व्होल्टेज पाहत असे. आता कपलरच्या मागच्या बाजूने, रबराच्या सीलमधून वायरीलगत बारीक प्रोब सरकवतो आणि काम झाल्यावर सील जागेवर बसले आहे याची खात्री करतो. यात दोन मिनिटे जास्त जातात, पण पुढच्या पावसाळ्याचा दोष पेरला जात नाही.

दुरुस्तीत वायर चकचकीत तांबे लागेपर्यंत मागे कापावी लागते. इथे जवळजवळ एक वीत कापावी लागली, कारण हिरवा थर आवरणाच्या आतून बराच पुढे चढला होता. नवा तुकडा तेवढ्याच जाडीचा, गाडीसाठी बनवलेल्या वायरीचा असावा. घरातल्या वायरीचे आवरण डिझेल आणि उष्णता यांपुढे टिकत नाही. सांधा क्रिंप करून (दाबून) किंवा झाळून, त्यावर आतून गोंद असलेली, तापवल्यावर आवळणारी हीटश्रिंक नळी दोन्ही बाजूंना बोटभर पुढे जाईल अशी चढवावी. दोन्ही वायरी जोडायच्या असतील, तर सांधे एकासमोर एक न ठेवता पुढेमागे ठेवावेत. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन सीलंट कपलरमध्ये भरू नये, कारण त्यातून सुटणारे आम्ल तांब्याला खाते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हार्नेसला इंजिनाच्या हालचालीपुरता सैलपणा ठेवावा. या गाडीत आधी सेन्सर बदलताना क्लिप तुटली होती आणि हार्नेस ताणून दुसरीकडे बांधला गेला होता, म्हणून कलण्याचा सगळा ताण नेमका त्या कमजोर जागेवर येत होता.

सेन्सर काढला असेल, तर त्याचा ओरिंग किंवा वॉशर नवा घालावा, हातपंपाने एअर काढावी आणि इंजिन चालू झाल्यावर त्या जागी ओल दिसत नाही ना ते पाहावे. कोड पुसला नाही, तरी दोष नसलेल्या सलग तीन ड्रायव्हिंग सायकलनंतर (गाडी चालू करून, चालवून, बंद केली की एक सायकल) लाइट सहसा आपोआप विझतो; पण दुरुस्तीनंतर तो हाताने पुसणे बरे, म्हणजे नंतर आलेला कोड नवा आहे हे कळते.

त्या पिकअपमध्ये सेन्सर तोच ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिन्ही आकडे २५, २५, २५ आले. दुपारी ती मासळी भरून निघाली तेव्हा मी पुन्हा स्कॅनर घेऊन शेजारी बसलो. साखरप्याला ५० अंश असलेली रेघ आंबा घाटाच्या सगळ्या वळणांवर एकदाही न तुटता चढत गेली आणि माथ्यावर ६६ ला पोहोचली. दिवाळीनंतर गाडी सर्व्हिसिंगला आली, तेव्हा सकाळची तपासणी पुन्हा केली: २१, २२, २१, आणि कोडची यादी रिकामी होती.